नाव नसलेले पेले

“नाव ऱ्हाऊ द्या बाई, पेला घ्या,” असं म्हणत मावशी दारातच पाण्याचा स्टीलचा पेला पुढे करायच्या. नाव न विचारता पाहुणचार करणारं असं माणूस तुम्हीही कुठेतरी पाहिलं असेल. आमच्या मावशींनी मात्र त्यातून एक अख्खी दुपार वाचवली.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कुंडलजवळच्या एका वाचनालयात मी ग्रंथपाल होतो आणि मावशी शिपाई. दुपारी दोन ते चार ही वेळ फक्त बायकांची. दारातल्या वहीत सही करायची पद्धत होती, पण सकाळी पेपर वाचायला येणारे सासरे तीच वही चाळत बसत. सून शेतातली भांगलण सोडून कादंबरी वाचते हे त्यांना कळून कसं चालेल? त्यामुळे बायका भरपूर यायच्या आणि सह्या जेमतेम चार असायच्या.

वही पाहून आमचे अध्यक्ष अण्णा म्हणाले, “चार बायकांसाठी दुपारचं उघडायचं कशाला? पुढच्या महिन्यापासून बंद.” मी रडकुंडीला आलो. मावशी म्हणाल्या, “थांबा भाऊ. नावं न घेता मोजून दावू.”

त्यांनी प्रत्येकीला घरून एकेक पेला आणून इथेच ठेवायला सांगितलं. कुणी दोनदा पाणी प्यायली तरी पेला तोच, म्हणजे बाई एकच. मी खूश झालो. पण आपल्याकडे नाव न घातलेलं भांडं कुणाच्या घरात असतं? प्रत्येक पेल्यावर सासऱ्याचं नाव ठसठशीत कोरलेलं. सही टाळणाऱ्या बायकांनी अख्खी घराणी आणून मांडली होती. मावशी पोट धरून हसल्या, मग त्यांनी लोहाराकडून कानस आणून दोन दिवसांत एकूण एक नाव घासून काढलं.

मग एके दिवशी बायका गेल्यावर अण्णांना बोलावलं. त्या दुपारी वापरलेले पेले धुऊन पालथे घातले होते. ते एकतीस भरले.

“एवढ्या जणी? कोण कोण गं?”

“आवं अण्णा, एकतीस हाईत एवढं ठावं हाय. कोण हाईत ते मी रोज इसरते.”

अण्णांनी एक पेला उचलून त्याच्यावरच्या ओळखीच्या पोच्यावरून बोट फिरवलं. तो काकूंचा, म्हणजे त्यांच्याच बायकोचा होता. त्यांनी तो हळूच जागेवर ठेवला.

“पाणी गार ठेवत जा,” एवढं म्हणून ते गेले. दुपारचं वाचनालय चालू राहिलं.

मावशी निवृत्त झाल्या तेव्हा बायकांनी त्यांना तांब्या दिला. त्यावर एकतीस नावं होती. सासऱ्यांची नव्हे, त्यांची स्वतःची, आणि पहिलं काकूंचं.

“कुणी सांगितलं हुतं नावं घालाय? माजी कानस कुटं हाय?” मावशी रागावून म्हणाल्या, पण डोळे भरले होते.

“तुम्ही कधी विचारली नाहीत, म्हणून घातली,” काकू म्हणाल्या.

मावशी आता नाहीत. जाण्याआधी तो तांब्या त्यांनी वाचनालयात आणून ठेवला. दुपारी दोनला मी तो भरून दारात ठेवतो, आणि त्यांची फार आठवण येते.