आईनं ओळखलेली गोळी

आईला हार्ट अटॅक आला तेव्हा मी ब्रह्मपुरीला एका मेडिकल स्टोअरमध्ये नोकरीला होते. फार्मसीचा डिप्लोमा केलेली, घरातली पहिली शिकलेली मुलगी. आई चामोर्शीजवळच्या आमच्या गावात लोकांच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, धानाची रोवणी करायची. सहीपुरतं लिहिता येतं तिला.

नागपूरला तिच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला. सुटी देताना डॉक्टर माझ्याकडे पाहून सांगत होते, "गुडघे-कंबर दुखली तरी दुकानातली सूज उतरवायची गोळी घेऊ देऊ नका. रक्तदाब वाढतो, अंगात पाणी साचतं. यांच्या हृदयाला ते सोसणार नाही."

मी मान डोलावली. आईनं मात्र पिशवीतून एक बारकी गोळी काढली.

"मंग हे काऊन देली? बाजूच्या खाटेवरची बाई म्हने, हे बी दुखण्याचीच गोळी आहे."

ती अ‍ॅस्पिरिन होती. डॉक्टरांनी खुर्ची आईकडे वळवली. "गोळी त्याच जातीची आहे. पण इतक्या कमी मात्रेत ती दुखण्यासाठी नाही. स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून आहे. वरून दुकानातली दुसरी घेतली, तर त्यातल्या काही गोळ्या हिला कामच करू देत नाहीत."

"असं सांगा ना," आई म्हणाली. "आता समजलं मले."

हे सगळं मी परीक्षेत लिहिलं होतं. विचारायचं मात्र तिला सुचलं.

पुढच्या वर्षी डॉक्टरांच्या परवानगीनं ती पुन्हा शेतावर गेली. रोवणीला जाणाऱ्या बाया सकाळच्या चहासोबत एकेक गोळी गिळतात, त्याशिवाय दिवसभर वाकणं होत नाही. आईपुढेही कुणीतरी गोळ्यांची पट्टी धरली. तिनं हात मागे घेतला. त्या दिवसांत सकाळी उठताना ती भिंतीला धरून उभी राहायची, गरम पाण्यानं गुडघे शेकायची. शेवटी तिनं वाकून रोवणं सोडलं आणि बसून परे, म्हणजे धानाची रोपं, उपटायचं काम मागून घेतलं. मजुरी कमी मिळाली, पण गोळी घेतली नाही.

धान कापणीच्या दिवसांत मी दोन दिवस घरी आले होते. शेजारच्या म्हाताऱ्या भाऊंची दम लागून वाईट अवस्था होती. त्यांचं हृदयाचं ऑपरेशन पूर्वीच झालेलं. पाय सुजून टम्म झालेले, हातपंपापर्यंत जाताना दोनदा बसायचे. त्यांच्या बायकोनं लेकींना निरोप धाडले होते. सगळे धरून चालले होते, की हृदयच थकलं.

आई त्यांच्या खाटेजवळ बसली. "भाऊ, गुडघे दुखते का?"

"दुखते ना. कापनी लागली तईपासून."

"मंग काय घेता?"

भाऊंनी उशीखालून पट्टी काढली. रोज दोन, महिनाभर. आईनं ती माझ्या हातात दिली. "वाच."

मी वाचलं. तीच सूज उतरवायच्या गोळ्यांची जात. दिवसाला अशा कितीतरी पट्ट्या मी स्वतः विकत होते.

"हेच ना?"

"हो."

"चला भाऊ, दवाखान्यात. घरात असन नसन तेवढ्या गोळ्या पिशवीत घ्या. दुकानच्या बी घ्या, लपवू नका."

जीप ठरवून आम्ही तालुक्याच्या दवाखान्यात पोचलो. डॉक्टरबाईंनी पिशवी टेबलावर उलटी केली आणि ती पट्टी वेगळी काढली. ती गोळी बंद केली, पाणी उतरवायचं इंजेक्शन दिलं, भाऊंना भरती करून घेतलं.

"ही पट्टी आणायला कोणी सांगितलं?" त्यांनी विचारलं. "लोक ही औषधात धरतच नाहीत."

भाऊंनी आईकडे बोट केलं.

"तुम्ही नर्स होता का?"

"नाई बाई," आई म्हणाली, "मी पेशंट आहो."

मी मागे उभी होते. डिप्लोमाच्या निकालाच्या दिवशीही मला इतका अभिमान वाटला नव्हता.

परतताना जीपमध्ये आईनं विचारलं, "तू गोळी देतानी इचारतेस का, हार्टचा तरास आहे का म्हनून?"

"नाही," मी म्हणाले.

भाऊ सहाव्या दिवशी घरी आले. हृदय कमजोर आहेच, औषधं जन्माची आहेत. पण सूज उतरली आणि निरोप मिळालेल्या लेकी बापाशी गप्पा मारून आपापल्या घरी गेल्या.

आता मी काउंटरवर प्रत्येकाला विचारते. काही चिडतात. "गोळी मांगतली तं एवढी इचारपूस काऊन करून राह्यली?" मग मी त्यांना सांगते, हे मला माझ्या आईनं शिकवलं, ती रोवणीला जायची. आणि रक्तदाब, हार्ट म्हणाले, की पट्टी परत कपाटात ठेवून त्यांना डॉक्टरकडे पाठवते.