मुजावरसाहेबांचं समाधान

मुजावरसाहेब आमच्या खिडकीवर आले की आधी शिक्का मागून घेत आणि उलटा करून त्यावरची तारीख तपासत. आजचीच आहे अशी खात्री झाली की मगच अर्ज आत सरकवत. अर्ज बारा पानांचा असेल तर बारा शिक्के. मी एकदा कुरकुरले, तर म्हणाले, "शंका विचारतो, राग नसावा. एखादं पान गळालं तर ते शोधायला आपण येणार, की मी येऊ?" आवक शाखेतल्या माझ्या नोकरीत इतक्या सभ्यपणे अपमान करणारा दुसरा माणूस मला भेटला नाही.

ते वनखात्यातून सर्वेक्षक म्हणून निवृत्त झाले होते आणि बिबवेवाडीत राहत. घराणं पिढ्यान्पिढ्या पुण्यातलं. आमचे नवे साहेब त्यांना कौतुकानं म्हणाले, "मुजावर, तुमचं मराठी फार छान आहे हो!" मुजावरसाहेब तितक्याच कौतुकानं म्हणाले, "आपलंही होईल. सराव ठेवा."

वाघोलीच्या पुढे जंगलाची एक सरकारी टेकडी आहे. ऐन तारुण्यात तिची मोजणी करून हद्दीचे दगड यांनीच रोवले होते. ती टेकडी आता खाणींसाठी खुली होणार होती. नकाशावर चौकोन आखायचा, अर्ज करायचा, आणि आधी येईल त्याला पट्टा. हरकत असल्यास महिन्याच्या आत कळवा, अशी सूचना वर्तमानपत्रात आली. हरवलेल्या गुणपत्रिका आणि बदललेली नावं यांच्या मधोमध, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत. "खणतो म्हणायला एक पान पुरतं," मुजावरसाहेब म्हणाले, "आणि खणू नका म्हणायला बारा पानं, तीन प्रतींत. सरकारला वाचनाची आवड दिसते."

पट्ट्यांचा सगळा डोलारा आमच्या पाहणी अहवालावर उभा होता. अहवालात लिहिलं होतं की टेकडीवरची बहुतेक झाडं वाळून मेलेली आहेत, तेव्हा ते क्षेत्र जंगल म्हणून राखण्यात अर्थ नाही. आता पाहणी झाली कधी? मार्चअखेरीला. आमच्याकडे वर्षभराची तुंबलेली कामं मार्चअखेरीलाच उरकतात, त्यात ही पाहणीही उरकली. टेकडीवरची सालई आणि मोईची झाडं तेव्हा पूर्ण निष्पर्ण असतात, हे गाडीतून खाली न उतरलेल्या मंडळींना कोण सांगणार?

सुनावणीत मुजावरसाहेबांनी ते सांगितलं. पावसाळ्यात त्याच झाडांचे काढलेले फोटो टेबलावर मांडले. साहेबांनी ते पत्त्यांसारखे गोळा करून परत दिले. "अहवाल अंतिम आहे. पाहणीच्या दिवशी झाडांना पानं नव्हती, हे तुम्हालाही मान्य आहे ना?"

"मान्य आहे. एकदा आमच्या बाजारात दुपारी एक ते चार पाहणी करा. पुण्यातला व्यापार मेला, असाही अहवाल देता येईल."

सभागृहात खसखस पिकली. साहेब हसले नाहीत. मुजावरसाहेबही हसत नव्हते. त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "ती झाडं जिवंत आहेत हो. जूनपर्यंत थांबा आणि माझ्याबरोबर चला. एवढंच मागतोय." साहेबांनी पुढचं प्रकरण पुकारलं.

इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे होतं. शेवटी काय घालू, असं मी विचारलं तेव्हा साहेब फाइलीतून मान वर न करता म्हणाले, "नेहमीचं वाक्य घ्या." मी घेतलं. 'हरकतदारास वस्तुस्थिती समजावून सांगण्यात आली व त्यांचे समाधान झाले.' जुन्या इतिवृत्तांत ते तयारच असतं, फक्त नाव बदलायचं.

आठवड्यानं मुजावरसाहेब प्रत घ्यायला आले. खिडकीशी उभ्या उभ्या सावकाश वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. "बाई, माझं समाधान झालं हे मला कोणी कळवलं नाही." मी खाली मान घालून शिक्क्याची शाई चाळवत बसले. त्यांनी तिथेच इतिवृत्त दुरुस्तीचा अर्ज लिहिला. मी शिक्का मारला. साहेबांनी त्यावर 'दप्तरी दाखल' असं लिहिलं, म्हणजे विषय संपला. पंधरा दिवसांत आदेश निघाला. त्यात ठळक अक्षरांत होतं, की एकमेव हरकतदाराचे समाधान झालेले आहे.

जूनमध्ये टेकडीला पालवी फुटली. त्याच महिन्यात तिथे पोकलेन चढलं. ऑगस्टमध्ये मुजावरसाहेब गेले. हृदयविकार, असं सगळे म्हणाले. खाणीचा त्याच्याशी काही संबंध नाही, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होते.

मी बिबवेवाडीला भेटायला गेले. त्यांच्या पत्नीनं मला आत बसवलं, चहा दिला. माझं नाव ऐकल्यावर त्यांचे डोळे भरून आले. "तुमच्याबद्दल फार सांगायचे. म्हणायचे, त्या ऑफिसात माझं लिहिलेलं कोणी वाचत नाही, पण खिडकीवरच्या बाई वाचतात. त्यांना सगळं माहीत आहे."

खरं होतं. बाराच्या बारा पानं मी वाचली होती. सुनावणीच्या आधीच.