बाबा यंत्र होत तेव्हा

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सुरतेतल्या आमच्या विज्ञान मंडळाकडे प्रोग्रॅम करता येईल असा एकच कॅल्क्युलेटर होता. त्यावर खेळ रचण्याची स्पर्धा ठरली. जिंकणाऱ्याला तो आठवडाभर घरी नेता येणार होता, आणि मला तो बाबांसाठी हवा होता. बँकेत कारकून असलेले बाबा अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले होते. चंद्रावर यान उतरवण्याचा माझा खेळ त्यांनीच तपासला होता. मी इंधनाचा आकडा सांगे, बाबा यंत्र होऊन डाव्या हाताने पाटीवर गणित करत आणि मध्येच म्हणत, "यंत्र तापलं, चहा आण."

स्पर्धेच्या दिवशी खेळ दाखवण्याच्या क्रमासाठी चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा माझा क्रमांक शेवटचा आला. त्या दिवशी लाइट गेल्यामुळे कॅल्क्युलेटर बॅटरीवर चालत होता. माझे यान उतरत असतानाच आकडे विझले. मी पुन्हा संधी मागितली.

"बेन, प्रत्येकाला एकच संधी. नियम सगळ्यांना सारखा," परीक्षक म्हणाले.

"नियम सारखा होता, बॅटरी सारखी नव्हती," मी म्हणाले. त्यांना ते पटले, तरी निर्णय बदलला नाही.

घरी बाबांनी विचारले, "उतरलं का गं?"

"नाही. बॅटरी संपली."

"मग पाटी आण. आपलं यंत्र लाइट गेली तरी चालतं."

त्याच वर्षी बाबा गेले. पुढे नोकरी लागल्यावर मी तसा कॅल्क्युलेटर घेतला आणि तोच खेळ त्यात भरला. यान पहिल्याच खेपेला अलगद उतरले. आकडे इतके झटपट येत होते, की मध्ये चहा आणायला सवडच मिळाली नाही.