बरडावरची मरीमाय

वाशीमकडेच जन्म गेला, पण आपल्याच जिल्ह्यात लोक सफारीला येतात हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला मुलाने पुण्याहून परस्पर एक आलिशान कॅम्प ठरवला, तेव्हा मला राजस्थानच वाटलं. ह्यांनी किन्हीराजा गाव मागे टाकून गाडी कच्च्या वाटेला घातली, तशी मी विचारलं, "कुठं नेऊन राहिले?"

"सफारीले," हे म्हणाले.

पुढे सगळा बरड (खडकाळ, नापीक माळ). काळे दगड, वाळलेली कुसळं, मध्येच एखादी बोर. शेळ्यासुद्धा नाक मुरडतील अशा त्या जागी पांढरेशुभ्र तंबू उभे होते. आत पितळी दिवे, गालिचा आणि आमच्या अख्ख्या माजघरात मावणार नाही असा पलंग. न्हाणीघर मात्र बिनछपराचं. आकाशाखाली आंघोळीचा खास अनुभव आहे, असं मॅनेजरने सांगितलं. आमच्या लहानपणी आसेगावात हा अनुभव घरोघरी होता.

जेवायला भाकरीचे इवलेसे तुकडे आणि त्यावर नखाएवढा ठेचा. हे पुन्हा मागायला लाजले, मी लाजले नाही. संध्याकाळी उघड्या जीपमधून फिरवलं. समोर एक रोही (नीलगाय) आली, तसे बाकीचे पाहुणे श्वास रोखून फोटो काढू लागले. जिला हुसकायला लोक शेतात जागली करतात, तिच्यासाठी इथे सगळे जीव टाकत होते. माझं तोंड उघडंच राहिलं. परत आल्यावर न्हाणीघरातल्या गुळगुळीत काळ्या दगडावर मी मनसोक्त टाचा घासल्या.

सकाळी चहा घेत होतो, तर बाहेर बोलाचाली ऐकू आली. डोक्यावर टोपली घेतलेली एक म्हातारी, तिची लेक, लेकीच्या कडेवर एक किरकोळ पोर, मागे म्हातारीचा मुलगा आणि एक न्हावी. मॅनेजर हात पसरून आडवा उभा होता.

"मरीमाय इथंच होती, या लिंबाखाली," म्हातारी म्हणत होती. "पोरीचं जावळ काढाचं हाय."

"आजी, ही पाहुण्यांची जागा आहे."

"मग पाहुणी मीच ना," म्हणत मी त्यांना आत घेतलं.

या इंझोरीच्या गंगूबाई. नात जन्मली तीच दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवावी लागली. जगली तर पहिले केस मरीमायपुढे, असा त्यांनी नवस बोलला होता. केस मामाच्या मांडीवर काढायचे, आणि मामा सुरतेहून जेमतेम सुट्टी काढून आला होता. संध्याकाळी त्याला निघायचं होतं.

"पोरगी शिंकली तरी मले धडकी भरते, बाई," गंगूबाई म्हणाल्या. "नवस राहून गेला ना."

"कशी होती मरीमाय?"

"कायी (काळी). वरून सपाट. एका अंगाचा टवका गेलेला."

त्याच टवक्याला काल न्हाणीघरात माझा अंगठा ठेचकाळला होता. गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं, पण मग पोरीचे केस तसेच राहिले असते. मी न्हाणीघराचा पडदा सारला.

"मी यावर पाय घासले," मी म्हणाले.

मॅनेजर पांढराफटक पडला. जागा साफ करताना दगड सापडला, शोभेचा वाटला, म्हणून घासूनपुसून इथे बसवला, असं काहीतरी तो पुटपुटला. गंगूबाई दगडापुढे वाकल्या. आता शिव्याच बसणार म्हणून मी खाली मान घातली. त्यांनी शॉवर सोडायला लावला, दगड धुतला आणि टोपलीतला शेंदूर माखला.

"मायच्या अंगाले लेकराचे पाय लागतेतच," त्या म्हणाल्या.

"इथं, बाथरूममंदी जावळ?" मामा चाचरला.

"माय जिथं हाय तिथं."

मामा टबाच्या काठावर मांडी जुळवून बसला. वस्तरा टेकताच पोरीने असा टाहो फोडला की आजूबाजूच्या तंबूंतले पाहुणे बाहेर आले. गंगूबाईंना एकदम आठवलं, केस झेलायला आत्या लागते आणि पोरीच्या बापाला बहीणच नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"बाई, तुमीच व्हा आत्या."

मी हबकले. काल देवीवर टाचा घासणारी मी, आणि आज हा मान. नाही म्हणायचीही हिंमत झाली नाही. पदर पसरला, त्यात मऊ केस पडत राहिले, आणि मला रडू आवरेना.

मग मामाने, ह्यांनी आणि मॅनेजरने मिळून मरीमायला लिंबाखाली नेऊन बसवलं. तिथेच रोडगे (गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे) झाले. मॅनेजरनेही खाल्ले.

परतताना गाडीत मुलाचा फोन आला. "आई, काय काय दिसलं?"

"तुला मामेबहीण झाली," मी म्हणाले.

मला भाऊ नाही, हे त्याला ठाऊक. तरी तो म्हणाला, "कधी?"

"आज सकाळी. डोक्यावर एक केस नाही. पण जगली रे पोरगी."