माझाच आकडा सव्वीस वेळा

मुलीच्या एम.बी.ए.च्या प्रकल्पासाठी मी कंपनीच्या बसमध्ये पंचेचाळीस फॉर्म वाटले, त्याला आता दोन वर्षं होतील. त्यात जे चुकलं ते कुणी मुद्दाम केलं नाही. तरी मला ते अजून विसरता येत नाही.

आम्ही पिंपळे गुरवला राहतो. मी महाळुंग्याला गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत अकाउंट्स बघतो. मुलीचा विषय फायनान्स. तिच्या वर्गातल्या बहुतेकांनी मोठ्या कंपन्यांचे ताळेबंद इंटरनेटवरून उतरवून गुणोत्तरं काढली होती. तिला ते नको होतं.

"पप्पा, ते सगळे मागच्या वर्षीचंच छापतात. मी माणसांना विचारणार," ती म्हणाली.

विषय ठरला कारखान्यातल्या कामगारांची गुंतवणूक आणि तिचा परतावा. पैसे कशात घातले, किती घातले आणि वर्षाला किती टक्के सुटले. टक्क्यांसाठी चार रकाने होते: पाचपर्यंत, पाच ते दहा, दहा ते पंधरा, पंधराच्या वर. खाली ठिपक्यांच्या रेषेवर नेमका आकडा लिहायचा. प्रश्नावली तिने केली, मी तीनदा तपासली आणि शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या.

वाटण्याआधी मी एक काम आपणहून केलं. लोकांना समजावं म्हणून एक फॉर्म स्वतःच्या खऱ्या आकड्यांनी भरला आणि ड्रायव्हरच्या मागच्या काचेवर चिकटवला. माझी पंधरा वर्षांची म्युच्युअल फंडातली गुंतवणूक, परतावा अकरा पूर्णांक चार टक्के. तो मी कागदावर दोन पद्धतींनी काढलेला आहे.

चार दिवसांत त्रेचाळीस फॉर्म परत आले, सगळे पूर्ण भरलेले. मुलगी खूश. तिने आलेख काढले, मसुदा लिहिला, मार्गदर्शक सरांनी तो मान्यही केला. गुंतवणुकीवर संशोधन करणाऱ्या एका कंपनीत तिची मुलाखत ठरली होती, आणि तिथे याच प्रकल्पावर बोलायचं होतं. रविवारी सकाळी तिने मला लॅपटॉपवर तक्ता दाखवला. परताव्याच्या रकान्यात ११.४ होतं. त्याखाली पुन्हा ११.४. मी बोट लावून मोजलं. सव्वीस वेळा.

दोन माणसांचा परतावा दशांशापर्यंत सारखा येऊ शकतो. सव्वीस जणांचा येणं शक्यच नाही. मुलगी चहा गाळायला आत गेली होती. ती बाहेर आली तेव्हा मी "छान झालंय" म्हणालो. का म्हणालो, ते मला सांगता येत नाही.

सोमवारी बसमध्ये शेजारच्याला विचारलं. तो प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग काढतात तिथे, ऑपरेटर आहे; पिंपळे गुरवच्या जुन्या, जमीनवाल्या घरातला. नऊ वर्षं आम्ही एका सीटवर बसतो.

"तुम्ही म्युच्युअल फंडात आहात?"

"न्हाई बा."

"मग फॉर्मवर अकरा पूर्णांक चार?"

"तुमीच सॅम्पल लावलं व्हतं की. जसं सॅम्पल तसा पीस."

आमच्याकडे प्रत्येक प्रेसला पास झालेला पहिला पीस हिरव्या टॅगने टांगलेला असतो. दिवसभर त्याच्याबरहुकूम माल काढायचा असतो. हे मला माहीत होतं.

मागच्या सीटवरून आवाज आला, "काय साहेब, रिजेक्शन निघालं का? सगळा लॉट परत घ्या मग."

"अहो, जे माहीत नाही ते रिकामं सोडायचं," मी म्हणालो.

"रिकामं? आन् तुमच्याकडं?" शेजारचा म्हणाला. "माझ्या मेडिकलच्या बिलावर तारीख न्हवती, तर तांबडा गोल करून परत धाडलं तुमी. दोनदा."

बसमधले हसले. मीही हसलो, पण खरं होतं ते.

गेटपासून प्रेस शॉपपर्यंत तो माझ्याबरोबर चालला. मी न विचारता तोच सांगू लागला. त्याच्या हिश्शाचा एक गुंठा विकला होता, त्यातले चार लाख त्याने महिन्याला तीन टक्के देणाऱ्या एका योजनेत घातले होते. योजना सांगणारा माणूस पूर्वी आमच्याच बसने यायचा. सात महिने पैसे आले, मग बंद झाले. फोनही बंद. बायको समजते की रक्कम बँकेत आहे.

"फॉर्म नीट वाचला म्या," तो म्हणाला. "समदे रकाने फायद्याचेच. ज्याचं गेलं त्यानं कुठं टिक करायची? आमचा रकानाच न्हवता. मग टाकला तुमचा."

तीनदा तपासलेला फॉर्म. मला त्यात वेलांटी चुकलेली दिसली होती.

संध्याकाळी मुलीला सगळं सांगितलं, त्याचे चार लाख सोडून. तिने तक्ता उघडून ११.४च्या ओळी पिवळ्या केल्या.

"मुलाखत गुरुवारी आहे, पप्पा."

"माहीत आहे."

"तुम्ही सॅम्पल का लावलंत?"

मी कोरा फॉर्म तिच्यासमोर ठेवला.

"आणि तोट्याचा रकाना माझ्याही लक्षात आला नाही," ती म्हणाली. "आपल्या घरात कुणाचं बुडालेलं नाही ना, म्हणून."

तिने ते सव्वीस फॉर्म काढून टाकले. उरले सतरा. त्यांवर काहीच सिद्ध होत नव्हतं. गुरुवारी मुलाखतीत तिने हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, प्रामाणिकपणाबद्दल दोन शब्द बोलले आणि पुन्हा फोन केला नाही. सर म्हणाले, थोडं इकडेतिकडे चालतं, उगाच कशाला उकरलंस. त्यांच्याकडून मुदत मात्र तिने मागून घेतली.

नव्या फॉर्ममध्ये दोन रकाने वाढवले: काहीच सुटलं नाही, आणि मुद्दल गेलं. या वेळी मी नमुना लावला नाही. एकोणीसच परत आले. त्यांतल्या सात जणांनी शेवटच्या रकान्यात खूण केली होती. आमच्या बसमध्ये, रोज माझ्या मागेपुढे बसणारे सात जण.

त्या सातांतल्याच शेजारच्याने त्याचा फॉर्म चार घड्या घालून माझ्या डब्याच्या पिशवीत टाकला. खूण शेवटच्या रकान्यात होती. रकमेची जागा कोरी होती.

"रक्कम नाही," मुलगी म्हणाली. "असा फॉर्म अपूर्ण धरून बाद करावा लागतो. तुम्ही विचाराल का त्यांना?"

मला आकडा माहीत होता, पण तो त्याने कागदावर लिहिला नव्हता. पेन तिच्याच हातात होतं.

"बाद कर," मी म्हणालो.

तिने केला. तिच्या अहवालात मुद्दल गेलेले सहा आहेत.