लक्ष्म्यांचे डोळे

ये गं, इकडं सरक. उंबऱ्यात पाहुण्यासारखी काय टेकलीस? मागच्या खेपेला दिलेली रंगाची पेटी तू उघडलीसुद्धा नाहीस म्हणं. तुझी आई सांगत होती. "आज्जी, बिघडलं तर?" बिघडलं तर बिघडलं, बाई! मी एकदा काय पणाला लावून बसले होते, ते ऐक.

पाचोडला माझ्या वडलांची शेरडं होती. शेळीच्या कानाचे बारीक केस कातरायचे, काडीला बांधायचे, झाला कुंचला. शिकवलं कुणी नाय. लग्न होऊन इथं मुकुंदवाडीला आले, चुलीमागं एक मोर काढला, तर सासूबाईंनी पोतेरं हातात दिलं. "हा तुझ्या बापाचा गोठा नाय." पुसला. मग पाच-सहा वर्षं मी परातीतल्या पिठात बोटानं काढायची, आणि कुणी यायच्या आत पाणी ओतून मळून टाकायची.

त्या साली भादव्यातल्या लक्ष्म्या यायचा दिवस होता. दिवस मावळायच्या आत थोरली आणि धाकटी घरात उभ्या करायच्या. एकदा बसल्या की हलवायच्या नायत. आमचे मुखवटे मातीचे. रझाकारीत सासूबाईंनी ते जवारीच्या कणगीत लपवून वाचवलेले. माझी धाकटी जाऊ नवी सून. तिच्या माहेरचे मुखवटे पितळी, चिंचेनं घासायचे. तिनं आपलं मायेनं थोरलीच्या तोंडावरनं ओलं फडकं फिरवलं, आणि डोळे फडक्यात आले.

"अक्का, मेले मी!"

सासूबाई धावत आल्या. "तुझ्या बापाच्या घागरी व्हत्या का गं ह्या?"

मुखवट्यांचे डोळे काढणारा म्हातारा आदल्या वर्षीच वारला होता. दुसरा कुठं शोधायचा? आणि आंधळी लक्ष्मी घरात घ्यायची कशी?

"आत्याबाई, मी काढते."

"तू? भिंती काळ्या करणारी?"

"दुसरं कोण हाय?"

असं मी त्यांना कधी बोलले नव्हते. त्यांनी जावेच्या हातातलं फडकं ओढून घेतलं. मग म्हणाल्या, "बिघडलं तर पाचोडची वाट तुला ठावकी हाय."

खडूत डिंक कालवला, काजळात डिंक कालवला. केरसुणीची काडी मोडून नाकापासनं माप घेतलं. डावा डोळा झाला. उजव्याला काडी दोनदा लावली, तरी भरवसा वाटेना. श्वास धरला आणि ओढली रेघ.

जमलं, पण तसं नाय. धाकटी लक्ष्मी समोर बघायची, वटारल्यासारखी. माझी थोरली जरा खाली बघायला लागली, नव्या घरात पाय टाकणारी बाई उंबरा बघती तशी. मी मुद्दाम नव्हतं केलं गं, हातानंच केलं.

सासूबाईंनी दोन्ही मुखवटे शेजारी ठेवले. किती तरी वेळ बघत बसल्या. मी मनातल्या मनात गाठोडं बांधायला घेतलं.

"ह्या बहिणी दिसत नायत," त्या म्हणाल्या. मग तेच ओलं फडकं माझ्या हातात दिलं. "धाकटीचे बी पूस."

धाकटीचे डोळे धडधाकट होते. माझ्यापेक्षा शंभर पटीनं चांगल्या हाताचे. ते पुसले मी. ऊन अंगणातनं भिंतीवर चढलेलं. जाऊ सुपानं वारा घालायची, मी काढायची, आणि सासूबाई दारात पाठमोऱ्या. एकदा सुद्धा वळल्या नायत.

शेवटची पापणी ओढली आणि "झालं" म्हणाले. सासूबाईंनी लक्ष्म्या घरात घ्यायचं ताट वाजवायला घेतलं.

बरं म्हणाल्या नायत, वाईट म्हणाल्या नायत. पुढच्या साली श्रावणातच माझ्यापुढं बाभळीचा डिंक आणून ठेवला, आणि म्हणाल्या, "गल्लीतल्या दोघीजणी बी विचारत व्हत्या." तिथनं मग भिंती आल्या, पुठ्ठे आले, कापड आलं. ती भीती काय गेली नाय. आजही पहिल्या रेघेआधी वाटतीच.

औंदा मात्र निराळंच हाय. धाकटी लक्ष्मीच्या डोळ्यांचा रंग उडालाय आणि माझा हात कापतो. घरात कुणाला बोलले नाय, तुला म्हणून सांगते. डावा डोळा मी काढीन. उजव्याचं काय व्हतं ते बघू, नायतर तू धर कुंचला. तवा आता परीक्षा, क्लास काय ते सगळं उरक आणि लक्ष्म्यांच्या चार दिवस आधी ये. आईला घेऊन ये, नायतर एकटी ये, पण लवकर ये गं.