माझ्या नावाचा डबा

हातखंब्याच्या तिठ्यावर बंगळूरच्या ट्रॅव्हल्सची वाट बघत आम्ही तिघं उभे होतो. बाबांनी माझी बॅग खाली ठेवलीच नाही. गाडी दिसेपर्यंत आई एकच विचारत होती, "काय गो, तिकडे आपली एसटी खरंच जात नाय?"

दोन लॉ कॉलेजांत माझा नंबर लागला होता, मुंबईच्या आणि बंगळूरच्या. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. बाबा लोटे एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत हेल्पर, तिथंच खोली घेऊन राहायचे. कंपनीच्या बसमध्ये त्यांनी सगळ्यांना ऐकवलं, "दोन-दोन कॉलेजं बोलावतायत पोरीला." निवड मात्र माझ्यावर सोडली.

आईचं साधं होतं. मुंबईला एसटी जाते, म्हणजे ड्रायव्हरकडे डबा देता येतो. मी काही ठरवायच्या आधीच तिनं स्टीलचा डबा आणला, झाकणावर 'सुजाता' असं नाव घालून घेतलं आणि मुंबई गाडीच्या ड्रायव्हरशी बोलून ठेवलं. मी बंगळूर निवडलं. ते कॉलेज मोठं होतं, आणि मला मोठंच हवं होतं. त्याचा पस्तावा तेव्हा नव्हता, आजही नाही.

दुसऱ्या वर्षी एका शनिवारी आईशी फोनवर बोलताना मागं भांड्यांचा आवाज येत होता.

"काय करतेस?"

"डबा भरतेय. तुझ्या कॉलेजातल्या पोरीचा."

माझं कॉलेज, म्हणजे मुंबईचं, जिथं मी गेलेच नव्हते. राजापूरची एक मुलगी त्या वर्षी तिथं लागल्याचं ड्रायव्हरनं सांगितलं होतं. "तुझा डबा रिकामा किती दिवस ठेवू?" आई म्हणाली.

तेव्हापासून ती मुलगी माझ्या मागं लागली. मेसमध्ये सांबार-भात पुढ्यात आला की वाटायचं, आता ती झाकण उघडत असेल. घावणे, सुकटीची चटणी. मूट कोर्टच्या लुटुपुटीच्या खटल्याची तयारी करताना मध्येच ती दिसायची: माझ्या खाटेवर, माझ्या खिडकीशी, माझ्या नावाचा डबा मांडीवर घेऊन. चेहरा नसायचा. मी न घेतलेलं आयुष्य बंद पडलं असेल असं मी धरून चालले होते. ते चालू होतं, आणि आई त्याला जेवू घालत होती. गाव सोडलेल्या तुमच्यापैकी कुणाला असं झालंय का, मला माहीत नाही.

आता मी बंगळूरलाच एका फर्ममध्ये आहे. क्लायंट, कॉल, डेडलाइन. गेल्या मे महिन्यात घरी गेले, तर पडवीत आईशेजारी एक मुलगी आमसुलांसाठी रातांबे फोडत बसलेली. हात कोपरापर्यंत लाल.

"ही दीपाली," आई म्हणाली. "डब्यातली."

ती रत्नागिरीच्या कोर्टात वकिली करते, मांडवीला भाड्यानं राहते. डबा अजून आईकडूनच जातो. बाबा आता बिनसाखरेचा चहा घेतात, हे मला तिच्याकडून कळलं. मिसळणाचा डबा कुठल्या फळीवर असतो, हेही.

"ताई, हॉस्टेलवर मला दीपाली कोणी म्हणतच नसे," ती हसत म्हणाली. "डबा बघून सगळ्या सुजाताच म्हणायच्या. कोर्टातसुद्धा दोघीतिघी म्हणतात."

मीही हसले. मग आत जाऊन पाणी प्यायले.

घर कुठलं असं विचारलं, तर मी आजही अभिमानानं रत्नागिरी सांगते. पण घर आपली जागा मोकळी ठेवून वाट बघत बसत नाही. ते जेवायला वाढत राहतं, आणि जो पानावर बसेल तो घरचा होतो. यात आईचं काही चुकलं नाही. त्या मुलीचं तर नाहीच.

निघताना दीपालीनं मला तिठ्यापर्यंत सोडायला स्कूटर काढली. तिच्या पिशवीत डबा होता. आम्ही कुंपणाच्या बेड्याशी पोचलो, तेवढ्यात पडवीतून आईनं हाक मारली, "सुजाता, सावकाश गो."

आम्ही दोघींनीही वळून पाहिलं. आई हात हलवत होती. कुणाकडे बघून, ते तिथून कळलं नाही.